चार अंश

नळाने उचकी दिली आणि तिच्या हातातलं पातेलं कट्ट्यावर आपटलं. सकाळपासून कोरडा असलेला नळ पाणी यायच्या आधी असाच करतो: आधी एक उचकी, मग घशातला खाकरा, मग लालसर पाण्याची चूळ. हे काय तिला माहीत नव्हतं? पण हल्ली घरातला कुठलाही आवाज आधी दारापर्यंत जाऊन यायचा आणि मगच तिच्या कानात शिरायचा. "दार नाही, नळ आहे," आतून सासूबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांच्याही कानांचं तेच झालं होतं, नाहीतर पलंगावर पडल्यापडल्या त्या इतक्या चटकन कशाला बोलल्या असत्या? तिने पातेलं नळाखाली धरलं. लाल पाणी जाऊ द्यायचं, हे भान तिला पातेलं अर्धं भरल्यावर आलं. ओतून दिलं, पुन्हा धरलं. तो घरातून निघून गेला त्या दिवशीही ती इथेच उभी होती, पाठ दाराकडे. 'जरा येतो' असंसुद्धा तो म्हणाला नव्हता. म्हणाला असता तर त्या दोन शब्दांना धरून बसता आलं असतं. घराला लागूनच्या वर्कशॉपच्या दाराला कडी घातली, चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाला वळला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने पाहिलं ते एवढंच. चौकीतल्या साहेबांनी विचारलं होतं, भांडण? नाही. दुसरी कोणी? नाही हो. मग त्यांनी पेन खाली ठेवून जरा हळू आवाजात विचारलं, डोक्यात काही बिघाड? आणि बुडत्याने काडी धरावी तसा तिने तो शब्द धरला. हो, म्हणाली, असेल. शेवटी शेवटी बोलायचाच नाही. सासूबाई तर चौकीतून घरी येईपर्यंत त्या शब्दाच्या झाल्या होत्या: "माझा मुलगा सोडून जाणाऱ्यातला नाही. त्याला काहीतरी झालंय. कुठेतरी बसला असेल बिचारा, घर आठवत असेल." त्या दिवसापासून घरात तो शब्द लहान मुलासारखा वाढत होता. दोघी मिळून त्याला भरवत होत्या. बटणालाही, म्हणजे तिच्या लेकीला, तिने तेच सांगितलं होतं: बाबांना बरं नाही, बाबा रस्ता विसरलेत.

आणि मग गल्लीतून तो आवाज आला. ट्रक पुष्कळ येतात गल्लीत, पण हा आवाज तिने ओळखला, कारण तो जवळजवळ नव्हताच. सहा सिलिंडर एका रांगेत, आणि सहाच्या सहा एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालल्यासारखे. त्याने बांधलेलं इंजिन असंच असायचं. उभ्या ट्रकचं इंजिन चालू ठेवून तो वरच्या झाकणावर नाणं कडेवर उभं करायचा, आणि नाणं उभं राहायचं. मग तो तिच्याकडे बघायचा, हसायचा नाही, फक्त बघायचा. त्याने शेवटचं बांधलेलं इंजिन ह्याच ट्रकचं. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"मिस्त्री आहे का?" दारातून ड्रायव्हरकाकांनी विचारलं आणि विचारतानाच त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी जीभ चावली. धिप्पाड माणूस, पण दारात उभा राहिला की दाराची माफी मागितल्यासारखा वाकायचा. "चुकलं पोरी. सवय जात नाही. कळलं का काही?"

"नाही."

"येईल. ठेच लागली की माणूस परत येतो." मग ते घुटमळले. "आता कसं सांगू? गाडी पळत नाहीये. बोलू नये, पण सपाटीला मागून टेम्पोवाले हॉर्न मारतात मला. मला! परवा एका पोराने काच खाली करून विचारलं, काका, ढकलू का?"

एरवी ती हसली असती. "धूर?"

"धूर नाही, आवाज नाही, तेल पीत नाही. बाईसारखी गुणाची गाडी, पण जोरात जा म्हटलं की बसते रुसून. त्या पुढच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणतो आतला कॅमशाफ्ट भलताच आहे. म्हणतो, तुमच्या मिस्त्रीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आज माल टाकून आलो की तो खोलणार आहे. म्हटलं, खोलायच्या आधी तुझ्या कानावर घालावं. तू फॅक्टरीत मोजमापाला होतीस ना? मिस्त्री सांगायचा, माझ्यापेक्षा माझ्या बायकोचा डोळा बारीक आहे."

'डोकं ठिकाणावर नव्हतं.' हे शब्द काकांनी खाली मान घालून उच्चारले, शिवी दिल्यासारखे, आणि तिच्या छातीत काहीतरी उजेडल्यासारखं झालं. तिची तिलाच लाज वाटली. ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता ती बिघडलेली निघावी म्हणून ती मनातल्या मनात हात जोडून उभी होती. पण खरंच, दुसरा पुरावा तरी काय होता घरात? वस्तरा, टॉवेल, चष्म्याची डबी, सगळं जिथल्या तिथे. माणूस वेडा होऊन गेला की शहाणा राहून गेला, हे टॉवेल सांगत नाही. इंजिन सांगेल. शेवटच्या आठवड्यात त्याचे हात कुठे होते आणि मन कुठे, हे त्या लोखंडात बंद होतं. चुकला असेल तर तो आजारी होता. आजारी माणूस सापडतो, त्याला आणता येतं, अंघोळ घालता येते, रागावता येतं. आणि चुकला नसेल तर... त्या वाक्याच्या पुढे ती कधी गेली नव्हती. "खोलायची गरज नाही," ती म्हणाली. "बाहेरून मोजता येतं. गाडी आत घ्या."

"आत्ता? स्वयंपाक?" आतून सासूबाई.

"आई, भात झालाय. तुम्ही बसून घ्या."

वर्कशॉपची कडी काढताना तिला वाटलं होतं की आत त्याचा वास असेल. होता तो फक्त रॉकेलचा आणि थंड लोखंडाचा. मागच्या भिंतीवर तारांना कॅमशाफ्ट टांगलेले असायचे, उभे, कारण आडवे ठेवले की आपल्याच वजनाने वाकतात. तो म्हणायचा, माणसासारखंच आहे, फार दिवस आडवं ठेवू नये. बहुतेक तारा रिकाम्या होत्या. एकावर ग्रीस फासलेला एकच दांडा होता. तिने टोकाचं ग्रीस बोटाने पुसलं. त्याच्या सवयीप्रमाणे तिथे गाडीच्या नंबरचे आकडे कोरलेले होते. काकांनी वाकून बघितलं. "अरे, हा तर माझा! माझ्या गाडीतला! हा इथे, मग आत काय आहे?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका आनंदी निघाला की काकांनी चमकून पाहिलं. तिने तिथल्या तिथे दांड्याचे उंचवटे मोजले, बाराच्या बारा. झिजलेले नव्हते. चांगला दांडा भिंतीला टांगून भलताच आत घातला! शुद्धीतला माणूस असं करेल? तिला त्याला ताप आलेला दिसायला लागला, मागे जाऊन, त्या आठवड्यात जाऊन. डोळे कसे होते? लाल होते का? तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला होता का? नव्हता ठेवला. बटणाला खोकला होता, ती रात्ररात्र तिला खांद्यावर घेऊन फिरत होती, आणि तो हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून झोपायचा, की झोपायचा नाही, कोण जाणे. एका घरात दोन माणसं किती दिवस एकमेकांच्या पाठीकडे बघून राहू शकतात! त्याच्या शर्टाच्या मागच्या बाजूला कुठे डाग होता ते तिला अजून सांगता आलं असतं. चेहऱ्याबद्दल विचारलं तर तिला आठवावं लागलं असतं.

इंजिनाचं वरचं झाकण काढलं. काका तोवर बटणाला जुन्या टायरवर बसवून विचारत होते, "काय गं, मोठेपणी मिस्त्री होणार की ड्रायव्हर?" बटण म्हणाली, "हॉर्न." काका इतके हसले की सासूबाई पोळीचा तुकडा हातात घेऊन दारात आल्या. आल्या त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. त्यांनाही कळलं होतं की आज आत काहीतरी ठरतंय. कॅमशाफ्ट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिने एकाच वाक्यात सांगितलं, "इंजिनाने श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, ते हा दांडा ठरवतो, आई." पुढच्या पुलीवर तिने अंशांच्या खुणा असलेली पत्र्याची तबकडी बसवली, तार वाकवून तिचा काटा केला आणि पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, उघडणाऱ्या पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेजची, केसभर हालचाल मोजणाऱ्या घड्याळाची, सुई टेकवली. हे गेज तिचं होतं, माहेरून आणलेलं म्हणावं तर तेच. फॅक्टरीच्या तपासणी खात्यात ती दिवसभर कॅमशाफ्ट मोजायची, पंपाच्या इंजिनाचे डाव्या टेबलावर, ट्रकच्या इंजिनाचे उजव्या. दिसायला जुळे भाऊ. तो तेव्हा बाहेरच्या गॅरेजमधून सुटे भाग घ्यायला यायचा आणि तिने पास केलेलाच माल मागायचा. खिडकीतला कारकून त्याला चिडवायचा, पोरगी पाहिजे की पार्ट पाहिजे ते एकदा ठरव. लग्नानंतरही कितीतरी दिवस इथे ह्याच बाकावर ती मोजायची आणि तो नुसता आकडा ऐकायचा, पुन्हा विचारायचा नाही. मग बटण झाली. मग गेज डबीत गेलं, आणि मोजायचं ते तो स्वतःच मोजायला लागला.

"काका, पाना लावा आणि हळूहळू फिरवा. एकाच दिशेने. पुढे गेलं तरी मागे आणायचं नाही, मागे आणलं की गिअरमधली ढील येते आणि माप खोटं होतं."

"मागे आणायचं नाही," काकांनी शहाण्या मुलासारखं म्हटलं आणि लांब दांड्याच्या पान्यावर वजन टाकलं. सुई हलली. काटा तबकडीवरून सरकत होता, सुई चढत होती, ती आकडे तोंडाने म्हणत होती, लिहून घ्यायची गरज नव्हती. सुई थांबली. भिंतीवरच्या दांड्यापेक्षा पाऊण मिलिमीटर कमी. पुन्हा एक फेरा. व्हॉल्व्ह उघडा राहतो तोही कमी वेळ. हे आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ होते. डाव्या टेबलावरचे. तिने सहाव्या सिलिंडरवर गेज नेलं, तेच. मधल्या दोघांवर नेलं, तेच. "पंपाचा आहे," ती म्हणाली. "ट्रकच्या इंजिनात पंपाचा कॅम घातलाय."

"पंपाचा?"

"पाणी उपसायच्या इंजिनाचा. एकाच संथ गतीने दिवसभर चालणारं. म्हणून पळत नाही तुमची गाडी. तिला वरच्या गतीला श्वासच पुरत नाही." सासूबाईंनी पोळीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवला. "मी म्हणत नव्हते?" त्या म्हणाल्या. "ओरडून ओरडून सांगत होते मी सगळ्यांना. आईला कळतं. ज्या पोराने कधी सदऱ्याचं बटण वरखाली लावलं नाही, तो असलं करेल? भ्रमच झाला होता त्याला. आता सांग त्या चौकीतल्या लोकांना. इस्पितळं बघा म्हणावं, नुसते रस्ते काय बघता!" आणि त्या रडायला लागल्या, खूप दिवसांनी, सुटल्यासारख्या. तिलाही रडू येत होतं. केवढं सोपं होतं सगळं! तारेवरून एकाऐवजी दुसरा दांडा काढला. दोन्ही ग्रीसमध्ये माखलेले, डोक्यात धुकं. ती त्याला कुठल्यातरी लोखंडी खाटेवर बघायला लागली, दाढी वाढलेली, नाव विचारलं तर न सांगणारा. ती जाऊन उभी राहील. तो ओळखणार नाही. चालेल. ओळखलं नाही तरी चालेल. ओळख नंतर करून घेता येते, एकदा करून घेतलीच होती की!

"आता घालायचं झाकण?" काकांनी विचारलं.

घालायचं होतं. पण हाताला वळण असतं. फॅक्टरीत कुठलाही दांडा शेवटचं एक माप घेतल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही: उंचवट्याचा माथा नेमका किती अंशांवर येतो. पंपाच्या कॅमचा माथा कुठे यायला हवा ते तिला ठाऊक होतं. "एक फेरा अजून, काका." सुई चढली, थांबली, उतरली. तिने दोन्ही बाजूंचे अंश घेऊन मध्य काढला. चार अंश आधी. तबकडी सरकली असेल. तिने तबकडी पुन्हा बसवली, पिस्टन अगदी वर येतो तो बिंदू पुन्हा शोधला. चार अंश आधी. हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर गेली. चार. सहाव्यावर गेली, हात तेलकट झाले होते, गेज निसटलं, बटण म्हणाली, "आई, सांडलंस," पुन्हा लावलं. चार. काका घामाने निथळत पाना फिरवत होते.

तिने डोकं ट्रकच्या कोमट लोखंडाला टेकवलं. चुकून दात चुकतो. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंगच्या गिअरचा एक दात चुकला की सगळं बारा-तेरा अंश सरकतं, कधी कमी नाही. नवशिके चुकतात, दारू प्यालेले चुकतात, भ्रमलेला माणूसही चुकला तर एका दाताने चुकेल. चार अंशांनी जगात कोणी चुकत नाही. चार अंश सरकवायचे तर गिअर दांड्यावर पक्का करणारी ती नखाएवढी पोलादी चावी काढावी लागते, आणि तिच्या जागी पायरी असलेली दुसरी, हाताने घासून बनवावी लागते. अर्धी इकडे, अर्धी केसभर तिकडे. घासायची, बसवून बघायची, काढायची, पुन्हा घासायची. आणि तिला तो दिसला. आता ताप नव्हता त्याला. स्वयंपाकघराच्या दारात उकिडवा बसलेला, उजेड तिथे चांगला येतो म्हणून, चिमटीत काहीतरी धरून बारीक कानशीने घासत. ती बोलत होती. खोकल्याचं औषध संपलं, खिडकीचा बिजागर सुटला, तू ऐकतोयस का? तो 'हं' म्हणाला. नखावर ती वस्तू ठेवून उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. इतका हळुवार चेहरा! तो चेहरा तिने पाहिला होता आणि त्यालाच नंतर आजार म्हटलं होतं, कारण तो तिच्यासाठी नव्हता.

"काका," तिने डोकं न उचलता विचारलं, "चढाला कशी चालते?"

"चढाला?" काका थबकले. "चढाला तर बकरीसारखी चढते गं. ते मी बोललोच नाही. तक्रार सांगायला आलेला माणूस गुण कशाला सांगेल? आमचा रोजचा रस्ता, तो पुलानंतरचा चढ, वाकडा, दगडी, भरलेल्या गाडीला तिथे मी पहिला गिअर टाकून देवाचं नाव घ्यायचो. एकदा मागे घसरली होती. माझा पोरगा होता शेजारी बसलेला. तेव्हापासून छातीत धस्स व्हायचं. आता दुसऱ्यावर चढते, आणि दम शिल्लक राहतो." त्यांनी पाना खाली ठेवला. त्यांच्या लक्षात येत होतं, सावकाश, धिप्पाड माणसांच्या लक्षात येतं तसं. "मी मिस्त्रीला सांगितलं होतं. गाडी टाकायला आलो तेव्हा. तो काही बोलला नाही. म्हटलं, ऐकलंच नाही बहुतेक."

"त्याने मुद्दाम घातलाय तो," ती म्हणाली. "पंपाचा कॅम खालच्या गतीला जोर देतो. त्यात चार अंश पुढे घेतला की अजून. सपाटीवरचा वेग तुमच्याकडून काढून घेतला आणि चढाला दिला. अशी चावी विकत मिळत नाही, काका. तुमच्यासाठी बनवली. खोलू देऊ नका कोणाला."

काकांनी ट्रकच्या पुढच्या भागावर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवतात तसा. "आणि मी त्या गॅरेजवाल्याचं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणे! असं डोकं मला एक तरी दाखव म्हणावं. आई, ऐकलंत का? तुमच्या मुलाचं डोकं शेवटपर्यंत एकदम ठिकाणावर होतं!" त्यांना वाटलं, आपण म्हातारीला केवढी चांगली बातमी देतोय. सासूबाईंचं रडणं मध्येच थांबलं होतं, आणि थांबलेला चेहरा तसाच राहिला होता. त्यांनी उंबऱ्यावरचा पोळीचा तुकडा उचलला, फुंकर मारली आणि आत घेऊन गेल्या.

ती झाकणाचे बोल्ट आवळायला लागली. मधून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, एकदम एकाच बाजूने आवळायचं नाही, तो शिकवायचा तसं. हात आपोआप चालत होते. तिच्या आत सगळं मोकळं होतं, घरातलं सामान काढून नेल्यावर खोली मोकळी दिसते तसं, भिंतीवर नुसते चौकोन. एका परक्या माणसाने पोरापायी घेतलेला धसका त्याला कळला, चार अंशांपर्यंत कळला. आपल्या घरात त्याला काय कळलं होतं? कुठला चढ त्याला चढवेना? तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर 'हं' म्हणाला असता. की नसता? आता चौकीत जाऊन तो शब्द परत मागावा लागेल. इस्पितळं बघू नका, म्हणावं लागेल. आणि मग कुठे बघा म्हणायचं?

बटण टायरवरून उतरून तिच्या पायाशी आली होती. तिने ट्रकच्या चाकाला हात लावला, मग तिच्या साडीला.

"बाबांना काकांचा चढ आठवत होता?"

"हो."

"सगळा?"

"हो गं. सगळा."

बटणाच्या गालावर तेलाचं बोट उमटलं होतं, आणि डोळे वर, थेट आईच्या डोळ्यांत.

"मग आपलंच घर कसं विसरले?"